चेंडू हाती धरून उभा राहिलेला मुलगा

दिवेलागणीनंतर घरातील एखादा मुलगा घामाघूम होऊन मैदानावरून परतला की, ‘खेळून का कोणाचे पोट भरते?’ हा प्रश्न ओसरीवर त्याची वाटच पाहत असतो. वडीलधाऱ्यांचा हा प्रश्न गैरवाजवी नव्हे. तथापि खेळाने मुलास काय लाभते याचा हिशेब मांडावयाचा झाल्यास अमेरिकेतील बॉबी प्लंप या खेळाडूचे उदाहरण ध्यानी घेण्याजोगे आहे.

इंडियाना संस्थानात मिलान नावाचा एक लहानसा गाव आहे. त्याच्या शेजारच्या पिअर्सव्हिल या चिमुकल्या खेड्यात हा मुलगा वाढला. मिलानच्या हायस्कुलात १९५४ साली अवघे १६१ विद्यार्थी होते. त्या काळी इंडियानात बास्केटबॉलचा सामना म्हणजे गावोगावची जत्राच असे. आणि लहानमोठ्या सर्व शाळा, कसलाही वर्गभेद न करता, एकाच स्पर्धेत उतरत. त्या वर्षी अशा ७५१ शाळा होत्या. मार्व्हिन वुड या तरुण शिक्षकाच्या हाताखाली तयार झालेला मिलानचा संघ एकेक सामना जिंकत २० मार्च १९५४ रोजी इंडियानापोलिस येथील अंतिम सामन्यास जाऊन पोहोचला. समोर मन्सी सेंट्रल ही बलाढ्य शाळा होती.

अमुक वेळात चेंडू टोपलीकडे फेकलाच पाहिजे, असा नियम त्या काळी शाळांच्या खेळात नव्हता. शेवटचा भाग आठ मिनिटांचा. त्यात गुरूच्या सांगण्यावरून प्लंप सुमारे चार मिनिटे नुसता चेंडू हाती धरून उभा राहिला! सभोवार हजारो प्रेक्षक, घड्याळाचा काटा पुढे सरकतो आहे, आणि हा सतरा वर्षांचा मुलगा जागचा हलत नाही. त्यानंतर त्याने चेंडू फेकला, आणि तो हुकला.

आमच्या मते या कथेचे मर्म येथेच आहे. दुसऱ्या एखाद्या संघाने त्यास दूषणे देऊन चेंडू अन्य कोणाच्या स्वाधीन केला असता. मिलानच्या मुलांनी तसे केले नाही. दोन्ही पक्षांचे तीस तीस गुण झाले. अठरा सेकंद उरले असता गुरूने खेळ क्षणभर थांबवून अखेरची फेक पुन्हा प्लंपकडेच सोपविली. बाकीचे चौघे बाजूस सरले व त्यास वाट मोकळी करून दिली. चेंडू टोपलीतून खाली आला; मिलानने ३२ विरुद्ध ३० गुणांनी विजय मिळविला.

त्याच वर्षी उत्तम मनोवृत्तीबद्दल दिले जाणारे ‘ट्रेस्टर’ पारितोषिक प्लंपला मिळाले. पुढे तो बटलर विद्यापीठात शिकला आणि ज्या क्रीडागृहात त्याने ती फेक केली होती, तेथेच महाविद्यालयाकडून खेळला. काही वर्षे एका तेल कंपनीच्या संघात खेळून मग त्याने विम्याचा व्यवसाय पत्करला. तेव्हा पोट भरण्याचा प्रश्नही सुटलाच! मिलानच्या विजयावरून स्फूर्ती घेतलेला ‘हूझिअर्स’ हा चित्रपट १९८६ साली निघाला.

१९९७ नंतर इंडियानात विद्यार्थिसंख्येनुसार शाळांचे वर्ग पाडून निरनिराळ्या स्पर्धा सुरू झाल्या. प्लंपने या बदलास उघड विरोध केला. लहान शाळांस बरोबरीच्या शाळांशी खेळून चषक मिळू लागले, हा लाभ खरा. परंतु थोरांशी एकाच मैदानावर झुंजण्याचा मान गेला. आपल्या मुलास सोपा विजय हवा की अवघड संधी, हा प्रश्न केवळ अमेरिकेतील शाळांचा नव्हे; प्रत्येक आईबापांचा आहे.

म्हणून मुलगा हरून घरी येईल तेव्हा त्यास प्रथम तांब्याभर पाणी द्यावे. ‘किती गुण झाले?’ हे मागाहून विचारावे. त्याआधी एवढेच विचारावे की, ‘बाळ, उद्या पुन्हा तुझ्या हाती चेंडू द्यावयास तुझे सोबती तयार आहेत ना?’ तो ‘होय’ म्हणाला, तर त्याची संध्याकाळ फुकट गेली नाही असे खुशाल समजावे.