‘ड्रायव्हरकडून काय मिळणार?’

ट्रकखाली घरचा माणूस गेला की तेराव्याच्या आतच कुणीतरी मध्यस्थ येऊन बसतो. ‘ड्रायव्हर गरीब आहे, त्याच्याकडून काय मिळणार? मालक लाखभर द्यायला तयार आहे, घ्या आणि मिटवा.’ दुःखात बुडालेल्या घराला ते पटतंही.

मुळात भरपाई ड्रायव्हरच्या खिशातून यायचीच नसते. नोकरीवर असताना त्याने केलेल्या चुकीची जबाबदारी मालकावर येते. थर्ड पार्टी विमा सक्तीचा असल्याने प्रत्यक्षात पैसे बहुधा विमा कंपनी भरते. ड्रायव्हरचं लायसन्स बाद निघालं तरी मोटार अपघात दावे ऐकणारं न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं. ती रक्कम मालकाकडून वसूल करणं हे नंतर कंपनीचं काम. ‘गाडी मी कधीच विकली’ हेही चालत नाही. आरटीओत नाव बदललेलं नसेल, तर कायद्याच्या लेखी मालक तोच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता त्या लाखाचा हिशेब. समजा, 35 वर्षांचा गॅरेजवाला महिना 20 हजार कमवत होता. मागे आई, बायको, दोन मुलं. वर्षाचे 2 लाख 40 हजार. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरून 3 लाख 36 हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 2 लाख 52 हजार. या वयाला गुणक 16. म्हणजे 40 लाख 32 हजार, अंत्यविधी वगैरेच्या रकमा वेगळ्याच. ही पद्धत सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांनी घालून दिली आहे. फक्त कमाईचा पुरावा हवा, आणि आपल्याकडे घोडं तिथेच अडतं.

‘मागून धडकला, म्हणजे चूक त्याचीच’ हेही सरसकट खरं नाही. रात्री हायवेवर पार्किंग लाइट, रिफ्लेक्टर काहीही न लावता ट्रक उभा असेल, तर दोष ट्रककडेही जातो. धडकणाऱ्याची चूक जितकी, तितकीच रक्कम कापली जाते. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला, तरी दावा आपोआप संपत नाही.

एका बाबतीत मात्र लोक नको तितके निर्धास्त असतात. वऱ्हाड टेम्पोत भरून नेताना ‘गाडीचा विमा आहे की’ असं म्हणतात. मालवाहू गाडीत बसलेल्या वऱ्हाडींची जबाबदारी त्या विम्यावर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच सांगितलं आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस तेवढा त्यात बसतो.

अपघात परजिल्ह्यात झाला तरी दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात लावता येतो. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं असलं, तरी त्या भरवशावर बसू नये. धडक देऊन पळालेला ट्रक सापडलाच नाही तर मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर दुखापतीसाठी 50 हजार सरकारी योजनेतून मिळतात. त्यासाठीचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा.