चावी हरवली तर पैठ कोण देणार?

‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी ऐकली, सांगितली आणि व्यापाराच्या बळावर खरीही करून दाखविली. मोंढ्यातील धान्य व कापूस, पुढे बी-बियाणे, त्यानंतर पोलाद असा या गावाचा माल बदलत गेला. धन मिळविणे एक आणि ते राखणे दुसरे, हे भान मात्र आपल्या पेढ्यांनी कधी सोडले नाही.

हुंडीचा व्यवहार चालत असे त्या काळी एखादी हुंडी वाटेत गहाळ झाली, तर ती लिहून देणारी पेढी तिची दुसरी प्रत काढून देई. तिला पैठ म्हणत. पैठही हरवली तर परपैठ मिळे. कागद गेला तरी रक्कम बुडत नसे. कारण त्या कागदामागे एक पेढी उभी असे आणि पेढीमागे तिची पत.

आज आपल्याच घरांतील काही तरुणांनी बिटकॉइन, इथर यांसारखे कूटचलन, म्हणजे क्रिप्टो, घेतले आहे. ते घ्यावे की घेऊ नये, हा या लेखाचा विषय नाही. कूटचलनाला आपल्या देशात कायदेशीर चलनाचा दर्जा नाही आणि बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत जे विमासंरक्षण असते तेही त्याला नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ. ज्या घरात ते आलेच आहे, तेथील वडीलधाऱ्यांनी एकच प्रश्न विचारावयाचा आहे: ते ठेवले कोठे आहे, आणि चावी हरवली तर पैठ कोण देणार?

नाणे असते कोठे?

‘माझे बिटकॉइन मोबाइलमध्ये आहे’ असे मुले म्हणतात. वास्तविक नाणे मोबाइलमध्ये नसते. जगभरातील हजारो संगणकांवर एकच खतावणी लिहिली जाते आणि कोणत्या खात्यावर किती नाणे जमा आहे, हे तीत नोंदलेले असते. त्या खात्यातून नाणे दुसरीकडे वळविण्याचा अधिकार एका गुप्त संख्येला असतो. तिला खासगी चावी म्हणतात. ती जिच्या हाती, ती व्यक्ती धनी. खतावणी नाव विचारत नाही, ओळख विचारत नाही आणि एकदा पडलेली नोंद कोणाच्या अर्जावरून मागेही घेत नाही.

म्हणून ‘क्रिप्टो कोठे ठेवावे’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘चावी कोणाच्या ताब्यात असावी’ असा आहे. आणि ज्या योजनेत दरमहा ठरावीक परतावा कबूल केला जातो, पण चावी कधीच आपल्या हाती येत नाही, तेथे मुळात नाणे आहे की नाही हीच शंका घ्यावी. आपल्या जिल्ह्यालाही या वाटेवरील कटुता ठाऊक आहे. कूटचलनातील गुंतवणुकीच्या वादातून धमकावल्याची तक्रार जानेवारी २०२३ मध्ये येथील पोलिसांपर्यंत पोहोचली होती. ज्या व्यवहारात नाणे दाखविता येत नाही, तेथे साठवणुकीचा प्रश्नच उरत नाही.

पहिली जागा: परकी पेढी

बहुतेकांचे नाणे एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या कंपनीकडेच राहते. सोय मोठी असते. परवलीचा शब्द विसरला तर नवा मिळतो, हिशेबाचा उतारा मिळतो, रुपये बँकेत येतात. परंतु चावी कंपनीकडे असते. आपल्याकडे असते ते केवळ येणे. पेढीवर रक्कम ठेवणाऱ्याला पेढीची पत पाहावी लागे, तसेच हे.

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ २ हजार कोटी रुपये मूल्याचे कूटचलन चोरीस गेले. ती तिजोरी एका सहीने उघडणारी नव्हती. अनेक सह्या लागत होत्या. पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे कंपनीने सांगितले. प्रकरण सिंगापूरच्या उच्च न्यायालयात गेले आणि तेथे पुनर्रचनेची योजना संमत झाल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू झाले. तोवर ग्राहकांचे नाणे सुमारे १५ महिने अडकून पडले. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने, त्याच एक्स्चेंजवर नाणी असलेल्या एका महिलेच्या अर्जावर निर्णय देताना, कूटचलन ही मालमत्ता असून ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धारण करता येते, असे म्हटले. निर्णय दिलासा देणारा आहे. परंतु न्यायालयाची पायरी चढावी लागली, हेही विसरू नये.

जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या एक्स्चेंजमधून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ते खाते कंपनीचे स्वतःचे होते, ग्राहकांच्या नाण्यांना धक्का लागला नाही आणि तोटा कंपनीने सोसला, असे तिने जाहीर केले. एका पेढीला घाव सोसला, दुसरीला पेलला नाही. घाव बसण्यापूर्वी बाहेरून हा भेद ओळखणे कठीण असते.

तेव्हा एक्स्चेंजवर तेवढेच ठेवावे, जेवढे आपण गल्ल्यात ठेवतो. कंपनी केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेली आहे का, हे पाहावे. नाणे काढून स्वतःच्या वॉलेटमध्ये नेण्याची मुभा आहे का, हे त्याहून आधी पाहावे. कित्येक ठिकाणी खरेदी सुलभ आणि नेणे दुर्लभ असते. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, आणि तीही एसएमएसऐवजी संकेतांक देणाऱ्या ॲपची. कारण सिमकार्डाची दुसरी प्रत काढून फसविण्याचे प्रकार घडतात.

दुसरी जागा: मोबाइलमधील बटवा

मोबाइल किंवा संगणकावरील वॉलेटमध्ये चावी आपल्या ताब्यात येते. पण ती अशा यंत्रात राहते, जे दिवसभर इंटरनेटला जोडलेले असते, ज्यात मुले खेळ उतरवून घेतात आणि ज्यावर अनोळखी दुवे येत राहतात. खऱ्या ॲपसारखेच दिसणारे बनावट ॲप हा येथील मोठा धोका. रस्त्याने जाताना खिशात ठेवावी तेवढीच रक्कम या बटव्यात शोभते.

तिसरी जागा: स्वतःची तिजोरी

रक्कम मोठी असेल आणि वर्षानुवर्षे ठेवावयाची असेल, तर हार्डवेअर वॉलेट हे छोटे उपकरण उपयोगी पडते. चावी त्याच्या आतच तयार होते आणि बाहेर येत नाही. व्यवहार संगणकावर मांडला जातो, सही मात्र उपकरणाच्या आत होते. संगणकात विषाणू असला तरी चावी त्याच्या हाती लागत नाही. ट्रेझर, लेजर ही त्यांतील परिचित नावे.

ते घेताना काही पथ्ये पाळावीत. उपकरण निर्मात्याकडून किंवा त्याने अधिकृत ठरविलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. वापरलेले कधीही घेऊ नये. २०२० मध्ये लेजरच्या लाखो ग्राहकांची नावे व पत्ते बाहेर फुटले आणि पुढे त्यांतील काहींच्या घरी बनावट उपकरणे टपालाने येऊन पडली. उपकरणासोबत गुप्त शब्द आधीच छापून आले असतील, तर ते सापळाच समजावे. प्रथम अगदी अल्प रक्कम पाठवून ती परत आणून पाहावी, मगच उर्वरित हलवावी. सही करण्यापूर्वी पत्ता आणि रक्कम उपकरणाच्या पडद्यावर ताडून पाहावी. न वाचता धनादेशावर सही न करण्याचा आपला जुना नेम येथेही तोच.

पैठ आधीच लिहून ठेवावी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वतःचे वॉलेट सुरू करताना ते १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांची एक मालिका दाखविते. बहुतेक वॉलेटांत हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडले जातात. उपकरण जळले, मोडले, हरवले, तरी नव्या उपकरणात हेच शब्द याच क्रमाने भरले की सर्व नाणे पुन्हा हाती येते. हीच या युगाची पैठ. फरक एवढाच, की ती मागाहून काढून देणारी कोणतीही पेढी नाही. ती पहिल्याच दिवशी आपली आपण लिहून ठेवावयाची असते.

ब्रिटनमधील न्यूपोर्ट येथील एका संगणक अभियंत्याची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तीत सुमारे ८ हजार बिटकॉइनची चावी होती. कचरा डेपो खणण्याच्या परवानगीसाठी तो वर्षानुवर्षे झगडला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. नाणे आजही खतावणीत जमा आहे. पैठ नव्हती, एवढेच.

हे शब्द कागदावर स्वच्छ अक्षरांत, क्रमांक घालून, दोन प्रतींत लिहावेत. कागदाला वाळवी, पाणी आणि आगीचे भय असते; म्हणून एक प्रत स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवणे उत्तम, आणि पोलादाच्या गावात पट्टीची उणीव नाही. कोरण्याचे काम मात्र स्वतः करावे, कारागिराला शब्द दाखवू नयेत. दोन्ही प्रती एका छताखाली नसाव्यात. एक घरच्या तिजोरीत, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये, ही रचना बहुतेक कुटुंबांना जमण्यासारखी आहे. त्यांचे छायाचित्र काढू नये, ते ई-मेलमध्ये ठेवू नयेत, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नयेत. फोनवर किंवा संकेतस्थळावर हे शब्द मागणारा प्रत्येक जण चोर आहे, असे निःसंकोच मानावे. मोठी रक्कम आत जाण्यापूर्वीच, लिहिलेल्या शब्दांवरून वॉलेट खरोखर परत उभे राहते का, हे एकदा तपासून घ्यावे.

एकाच्या मुठीत नको, सर्वांच्या तोंडीही नको

कॅनडातील क्वाड्रिगा या एक्स्चेंजचा तरुण संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपूरमध्ये निवर्तला. चाव्या केवळ त्यालाच ठाऊक होत्या, असे प्रथम सांगण्यात आले आणि हजारो ग्राहक हवालदिल झाले. त्याने ग्राहकांच्या पैशात अफरातफर केली होती, हे तेथील नियामकाने २०२० मध्ये दाखवून दिले. तरी पहिली बातमी ऐकून जगाला जो धक्का बसला, तो प्रत्येक घराने स्वतःपुरता ओळखावा: घरातील कर्ता मुलगा उद्या नसला, तर त्याच्या पत्नीला चावी सापडेल का?

याच्या उलट टोकाचे उदाहरण पुण्याचे. २०१८ च्या बिटकॉइन फसवणूक प्रकरणात पोलिसांनी तांत्रिक साहाय्यासाठी ज्या दोन तज्ज्ञांची मदत घेतली, त्यांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. तपासात हाती आलेल्या वॉलेटमधून नाणी परस्पर वळविल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. जाणकाराची मदत जरूर घ्यावी. पण शब्द लिहिताना आणि भरताना तो शेजारी नसावा.

मधला मार्ग आहे. बिटकॉइनसाठी तीन चाव्यांची अशी तिजोरी करता येते, की कोणत्याही दोन चाव्यांनीच ती उघडते. एक चावी स्वतःकडे, एक भावाकडे, एक लॉकरमध्ये ठेवली, तर एक हरवली तरी धन जात नाही आणि एकटा कोणी ते नेऊही शकत नाही. एवढा खटाटोप नको असेल, तर निदान एक मोहोरबंद पत्र असावे. कोणत्या प्रकारचे नाणे आहे, उपकरण कोठे आहे, शब्दांची प्रत कोठे आहे, कोणाला विचारावे, हे त्यात मराठीत सरळ लिहावे. शब्द मात्र त्यात लिहू नयेत. मृत्युपत्रात या मालमत्तेचा उल्लेख आणि वारस यांची नोंद असावी. शब्द तेथेही नकोत, कारण मृत्युपत्र पुढे अनेकांच्या हाती जाते.

वहीत नोंद हवीच

चावी आपल्याकडे आली म्हणून हिशेब सुटत नाही. कूटचलनाच्या विक्रीतील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, वर अधिभार व उपकर वेगळे. एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्याच्या किंवा धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरील व्यवहारावर १ टक्का उद्गम कर कापला जातो. स्वतःच्याच एका जागेतून दुसऱ्या जागी नाणे नेणे ही विक्री नव्हे; परंतु ते कोठून कोठे गेले याचा पुरावा नसेल, तर पुढे खुलासा करणे जड जाते. १ फेब्रुवारी २०२५ पासून आयकर झडतीतील अघोषित उत्पन्नाच्या व्याख्येतही या मालमत्तेचा समावेश झाला आहे. म्हणून खरेदीची तारीख, रुपयांतील किंमत, हलविण्याची तारीख व व्यवहाराचा क्रमांक हे सारे आपल्या लेखापालाकडे असावे. चोरी झालीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. अशा प्रसंगी तेथे दाखवावयाला हीच नोंद लागते.

गल्ला, तिजोरी आणि बँक यांत रक्कम विभागण्याची कला आपल्या समाजाला कोणी शिकवावी लागत नाही. तोच विवेक येथे लावावयाचा आहे: रोजच्या व्यवहारापुरते परक्या पेढीवर, किरकोळ बटव्यात, आणि मोठे ते स्वतःच्या चावीत. येत्या दिवाळीत वहीपूजनासाठी सारे घर एकत्र बसेल, तेव्हा नव्या वहीवर स्वस्तिक रेखून झाल्यावर घरातील ज्येष्ठांनी मुलाला किंवा सुनेला जवळ बसवून शांतपणे विचारावे, ‘बाळा, याची पैठ कोठे ठेवली आहेस?’ उत्तर तत्काळ मिळाले, तर निश्चिंत व्हावे. तो अडखळला, तर त्याच रात्री कागद आणि लेखणी काढावी.