चीनची सून, चिखलीचें घर

इ. स. २०२५ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीं, दिवेलागणीच्या सुमारास, आमच्या चिखलीच्या घरापुढें एक मोटार येऊन उभी राहिली. चिखलीला अजून आगगाडी नाहीं. पुण्याहून येणारास दिवसभर रस्त्यानेंच यावें लागतें. त्यामुळें उतरलेल्या चौघांच्याहि चेहऱ्यांवर प्रवासाचा शीण दिसत होता. पुढें आमचा पुतण्या, मागें त्याची पत्नी, आणि तिच्या पदराआड (पदर कसला, बाई पाटलोणींत होती, पण लेखणीला जुनी संवय!) दोन मुलें. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. सूनबाईचें माहेर उत्तर चीनमधलें. तिचा पहिला नवरा आजारानें वारला. पुढें सिंगापुरांत एकाच कचेरींत काम करीत असतां तिची व आमच्या पुतण्याची ओळख झाली, दोन वर्षांपूर्वीं नोंदणी पद्धतीनें विवाह झाला आणि बिऱ्हाड पुण्यास आलें. चिखलीच्या उंबऱ्याशीं तीं सारीं प्रथमच येत होतीं.

भाकरतुकडा ओवाळून टाकण्यास मी पुढें झालें. माझी धाकटी जाऊ, म्हणजे मुलाची सख्खी आई, माजघराच्या दारांतून हालली नाहीं.

तिचा राग सुनेवर नव्हता, हें प्रथम सांगितलें पाहिजे. परदेशी सुनेचें नवल आतां लहान गांवांतहि उरलेलें नाहीं. तिला सलत होतीं तीं मुलें. दुसऱ्याचीं लेंकरें माझ्या मुलानें वाढवायचीं, मग माझ्या घरच्या वंशाचें काय, हा तिच्या मनांतला प्रश्न. तो तिनें तोंडानें कधींच विचारला नाहीं. आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर तरी कोण व कसें देणार?

उघड वाद झाला होता तो कायद्याचा. आमचे मधले भाऊजी वकील आहेत. लग्नापूर्वींच त्यांनीं १९५४ चा विशेष विवाह कायदा सर्वांपुढें उघडून ठेविला. एकत्र हिंदु कुटुंबांतील माणसानें ह्या कायद्याखालीं लग्न केलें, तर त्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणें तो त्या कुटुंबांतून विभक्त झाला असें समजलें जातें. त्याचा वांटा बुडत नाहीं, परंतु एकत्रपण संपतें. १९७६ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, वधूवर दोघेंहि हिंदु, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हें कलम लागूं नये, अशी सवलत मिळाली. भाऊजींना वाटलें, वाट सांपडली! मुलीची आजी क्वान्‌यिन देवीपुढें उदबत्ती लावीत असे, आणि क्वान्‌यिन म्हणजे आपल्याकडच्या अवलोकितेश्वराचेंच चिनी रूप. तेव्हां 'बौद्ध' असें लिहून मोकळें व्हावें. पण मुलीनें नम्रपणें नकार दिला. 'मी कोणत्याच धर्माची म्हणून वाढलें नाहीं. इस्टेटीसाठीं धर्म कसा लिहूं?' हें तिचें म्हणणें. मला तर तें फार आवडलें. पुतण्यानें चुलत्यांना एवढेंच विचारलें, "काका, कायद्यानें मी विभक्त झालों तर होऊं द्या. दसऱ्याला माझें ताट मांडाल ना?" भाऊजींनीं चष्मा पुसला आणि कायद्याचें पुस्तक मिटलें.

मुलांविषयीं मात्र त्यांनीं एक गोष्ट बजावून सांगितली, आणि ती वाचकांनींहि लक्षांत ठेवण्याजोगी आहे. सावत्र मूल बापाच्या घरांत कितीहि वर्षें वाढलें, तरी केवळ त्यामुळें तें बापाचें वारस होत नाहीं. त्यासाठीं रीतसर दत्तविधान तरी हवें, किंवा मृत्युपत्र तरी. माया आपोआप लागते. वारसा तसा लागत नाहीं.

पाहुणे आले त्या रात्रीं जेवणें उरकल्यावर सासूबाईंनीं विषय काढला. त्यांचें वय अठ्ठ्याऐंशी. कान गेले, पण आठवण शाबूत आहे. "कोटणिसांची बायको चिनीच ना ग?" त्या एकाएकीं म्हणाल्या. लहानपणीं खामगांवास त्यांनीं शांतारामबापूंचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' पाहिला होता. तो चित्रपट १९४६ चा. शेवटीं चिनी सून लेंकराला घेऊन सोलापूरच्या घरीं येते, तें पाहून सारें थिएटर रडलें म्हणे. चिनी सुनेचें काम जयश्रीबाईंनीं केलें होतें, हेंहि त्यांना पक्कें ठाऊक.

चित्रपट तेथें संपला. परंतु खरी हकीकत त्याहून कितीतरी अवघड आहे. सप्टेंबर १९३८ मध्यें राष्ट्रसभेनें चीनला पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. जपानशीं लढणाऱ्या सैन्याला डॉक्टर हवेत, असें सेनापति झू दे ह्यांनीं पंडित नेहरूंना लिहिलें होतें. सुभाषबाबू त्या वर्षीं राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, बरोबर आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसु व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, वय अवघें सत्तावीस. चीनमध्यें ह्या पांचहि जणांनीं आपापल्या चिनी नांवाच्या शेवटीं 'ह्वा' हें अक्षर जोडून घेतलें. ह्वा म्हणजे चीन. कोटणीस 'के दीह्वा' झाले. एकेक करून इतर परत आले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले, उत्तरेकडील डोंगरी मुलखांत आठव्या पलटणीच्या जखमींवर शस्त्रक्रिया करूं लागले, आणि १९४१ च्या आरंभीं, कॅनडाचे दिवंगत शस्त्रवैद्य नॉर्मन बेथ्यून ह्यांच्या नांवानें चालणाऱ्या रुग्णालयाचे संचालक झाले. तेथील वैद्यकशाळेंत ग्वो चिंगलान ही परिचर्येची शिक्षिका होती. १९४१ च्या अखेरीस दोघांचें लग्न झालें. पुढच्या ऑगस्टांत, म्हणजे इकडे 'चले जाव'ची धामधूम चालू असतांना, तिकडे मुलगा झाला. त्याचें नांव 'यिन्‌ह्वा' ठेविलें. यिन् म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचेंहि झालें नव्हतें तोंच, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, फेंफऱ्याच्या झटक्यांनीं कोटणीस वारले. वय बत्तीस.

पुढें काय झालें, हें चित्रपटाला माहीत असणें शक्य नव्हतें. विधवा सून चीनमध्येंच राहिली. १९६२ सालीं दोन्ही देशांत युद्ध पेटलें. १९६७ सालीं, वैद्यकीचें शिक्षण घेत असलेला यिन्‌ह्वाहि ऐन पंचविशींत गेला. चिंगलाननें पुनर्विवाह केला. त्या संसारांतहि मुलें झालीं. म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें, तर सोलापूरच्या घराशीं तिला बांधणारा एकहि धागा शिल्लक राहिला नव्हता. नवरा नाहीं, नातू नाहीं, आणि कुंकू दुसऱ्याचें. तरीहि ती अनेकदां हिंदुस्थानांत आली, सासरच्या माणसांना भेटून गेली. २००६ सालीं चीनचे अध्यक्ष हु चिंताओ मुंबईस आले, तेव्हां ते कोटणिसांच्या कुटुंबियांना आवर्जून भेटले. जून २०१२ मध्यें दालियान येथें, नव्वदी कधींच उलटून गेलेली असतां, चिंगलान वारली. आणि इकडच्या वर्तमानपत्रांनीं 'डॉ. कोटणिसांच्या पत्नी' असेंच लिहिलें.

सासूबाईंनीं हें सारें माझ्याकडून कानाशीं वाचवून घेतलें. मग म्हणाल्या, "म्हणजे रक्ताचें कांहींच उरलें नाहीं, तरी सून ती सूनच." जाऊबाई भिंतीला टेकून वाती वळीत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

भाऊजींनीं दुसरें एक उदाहरण काढलें. तें आमच्या विदर्भाच्या सीमेपलीकडलें, बालाघाट जिल्ह्यांतल्या तिरोडीचें. १९६३ च्या जानेवारींत सीमा चुकून इकडे आलेला एक चिनी सैनिक सहा वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत काढून १९६९ सालीं सुटला, आणि त्याला तिरोडीस आणून सोडण्यांत आलें. तेथें तो पिठाच्या गिरणींत राबला, तेथल्याच मुलीशीं लग्न करून त्यानें संसार थाटला, आणि स्वतःच्या जन्मगांवीं पुन्हा पाऊल टाकलें तें २०१७ च्या फेब्रुवारींत, म्हणजे चौपन्न वर्षांनीं. दोन सरकारांच्या कागदांत तो अडकून पडला. पण त्या लहान गांवानें त्याला नवें नांव दिलें, मुलगीहि दिली.

दसऱ्यापासून मुलें घरांत मोकळीं होऊं लागलीं, आणि खरी गंमत तेथून सुरू झाली. धाकटा माझ्या सुनेला 'आ-यी, आ-यी' म्हणून हांका मारूं लागला. माझा सात वर्षांचा नातू संतापला: "ती तुझी आई नाहीं, माझी आई आहे!" तेव्हां उलगडा झाला, कीं चिनी भाषेंत 'आयी' म्हणजे मावशी, आईच्या वयाच्या कोणत्याहि बाईला मुलें तसें म्हणतात. त्यावर कडी म्हणजे, अकरा वर्षांची ताई आपल्या धाकट्या भावाला 'दीदी' म्हणे. तिकडे धाकट्या भावाला तोच शब्द! घरांतलीं मुलें दिवसभर त्या बिचाऱ्याला 'दीदी, दीदी' म्हणून चिडवीत होतीं, आणि त्याला आपल्याला कां हंसतात तें कळत नव्हतें. आपल्यासारखेंच चिनी भाषेंतहि प्रत्येक नात्याला निराळें नांव आहे; चुलता निराळा, मामा निराळा, आत्या निराळी, मावशी निराळी. इंग्रजीसारखें सर्वांना एकाच टोपलींत टाकीत नाहींत. हें कळल्यावर सासूबाईंचें अर्धें परकेपण तेथेंच गळालें.

एक शब्द मात्र सर्वांना खटकला. हीं मुलें आमच्या पुतण्याला 'शूशू' म्हणत. शूशू म्हणजे धाकटा चुलता. 'बापाला काका म्हणतात!' जाऊबाईंचा चेहरा उतरला. पण मी विचार करूं लागलें, तर हंसूं आलें. आपल्या एकत्र कुटुंबांत तरी वेगळें काय होतें? माझे यजमान स्वतःच्या वडिलांना 'नाना' आणि आईला 'वहिनी' म्हणत, कारण घरांतले दीर तिला वहिनी म्हणत. बापाला 'काका', 'भाऊ', 'अण्णा' म्हणणारीं घरें प्रत्येकीनें पाहिलीं असतील. त्या मुलांना बाप परका वाटला नाहीं. मीं हें बोलून दाखविल्यावर यजमानांनीं पेपरामागूनच होकार भरला.

खरी अडचण आपल्याच भाषेंत आहे. 'सावत्र' म्हटलें, कीं ध्रुवाला मांडीवरून ओढून काढणारी सुरुचि डोळ्यांपुढें उभी राहते. सावत्र आईच्या कहाण्या पोत्यांनीं सांपडतील. सावत्र बापाची कहाणी मात्र आठवूनहि आठवत नाहीं. कारण उघड आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला. पण १८९३ सालीं धोंडो केशव कर्व्यांनीं गोदूबाईंशीं पुनर्विवाह केला, तेव्हांहि मुरूडकरांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुरुष दोन-तीन लग्नें करीत राहिले, म्हणून सावत्र आया झाल्या. विधवेनें पुन्हा मंगळसूत्र बांधावयाचें नाहीं, म्हणून सावत्र बाप झालेच नाहींत. जें माणूस आपण होऊं दिलें नाहीं, त्याला गोड नांव कोठून असणार?

मधल्या दिवसांत सासूसुनेचें थोडेंफार जमूं लागलें, तें स्वयंपाकघरांत. सूनबाई दिवसभर कोमट पाणी पिते हें पाहून जाऊबाईंना बरें वाटलें. त्याहि जन्मभर तसेंच पीत आल्या आहेत. बाळंतिणीनें महिनाभर गार पाण्यांत हात घालूं नये, वारा लागूं देऊं नये, गूळ, तीळ, आलें पोटांत जावें, हें तिकडेहि पाळतात असें कळल्यावर दोघींचें हातवाऱ्यांनीं तासभर संभाषण झालें. पुतण्या दुभाषा म्हणून मध्यें पडला, तर त्याला दोघींनींहि बाहेर घालविलें!

पण ज्या गोष्टीसाठीं मी हें लिहीत आहें, ती निराळीच. एकादशीला मीं मोठ्या हौसेनें मोगऱ्याचा गजरा आणविला आणि सूनबाईच्या व मुलीच्या केंसांत माळावयास गेलें. सूनबाई क्षणभर थांबली, मग निमूट मान वांकविली. मुलगी मात्र पांढरीफटक पडली आणि आंत पळाली. मला वाटलें, लाजली. रात्रीं पुतण्यानें सांगितलें: चीनमध्यें केंसांत पांढरें फूल घालतात तें सुतकाचें. बाप गेला तेव्हां ह्या पोरीनें तें घातलें होतें. मला मेल्याहून मेल्यासारखें झालें. क्षमा कशी मागावी तेंहि सुचेना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी अंगणांत आलें तों जाऊबाई पायरीवर बसलेल्या, आणि त्यांच्यापुढें ती मुलगी. परसांतला तांबडा गुलाब खुडून त्या तिच्या वेणींत खोंवीत होत्या. कोणाचीच भाषा कोणाला येत नव्हती. मुलगी मान न हालवितां बसली होती, आणि वेणी घालून झाल्यावरहि पुष्कळ वेळ उठली नाहीं.

सहा ऑक्टोबरला कोजागिरी आली. त्या वर्षीं योग असा, कीं चिनी लोकांचा शरद् पौर्णिमेचा सण नेमका त्याच रात्रीं होता. त्यांच्या पंचांगांतहि चांद्रमास आणि अधिक महिना असतो; कधीं त्यांची ती पौर्णिमा आपल्या भाद्रपदांत पडते, कधीं आश्विनांत. त्या रात्रीं तिकडे सारें कुटुंब चंद्राखालीं एकत्र जमतें, आणि जें माणूस दूर असेल त्याची आठवण काढतात. सूनबाईनें पुण्याहून आणलेल्या चंद्रपोळ्या (गोल, आंत गोड पुरण असलेल्या) कापून सर्वांना दिल्या. गच्चीवर आटीव दुधाचें पातेलें आलें, चंद्राला नैवेद्य झाला. आश्विनी म्हणून जाऊबाईंनीं पुतण्याला, म्हणजे आपल्या थोरल्याला, ओवाळलें. नंतर तबक खालीं न ठेवितां मुलीकडे वळून तिलाहि ओवाळलें. ह्या नव्या संसारांतलें थोरलें मूल तीच होती.

मी भांडीं लावूं लागलें तों माझ्या ध्यानांत आलें, कीं धाकट्याला दूध पचत नाहीं. पूर्वेकडच्या पुष्कळ लोकांना मोठेपणीं तें सोसत नाहीं, आणि दसऱ्याच्या बासुंदीनें त्याचें पोट बिघडलें होतेंच. आतां सर्वांच्या हातीं पेले आणि त्याच्या हातीं कांहीं नाहीं असें होणार, म्हणून मी खालीं जावयास निघालें. जिन्यांत जाऊबाई भेटल्या. त्यांच्या हातांत एक झांकलेला लहान पेला होता. नारळाचें दूध काढून, त्यांत केशर-वेलदोडा घालून त्यांनीं तें दुपारींच बाजूला ठेविलें होतें.

"दीदी कोठें आहे?" त्यांनीं मला विचारलें.