रिकाम्या जागेची निवडणूक



शाळेचें सत्र अर्ध्यावर आलें असतांना एखादा शिक्षक नोकरी सोडून गेला, तर त्याचा वर्ग कोणी घ्यावयाचा हा प्रश्न लागलीच उभा राहतो. चार दिवस शेजारच्या वर्गाचे गुरुजी दोन्हींकडे लक्ष ठेवून वेळ निभावतात. परंतु तसेच महिने लोटले, तर नुकसान होतें तें मुलांचें. माझें सारें आयुष्य करमाळ्यास खडू-फळ्याच्या संगतींत गेल्यामुळें, पोटनिवडणुकीचा विषय निघाला कीं मला प्रथम तो रिकामा वर्ग आठवतो. इतरांना मात्र पंचांग आठवतें. कोणता पक्ष चढला, कोणता उतरला, सरकार टिकेल कीं पडेल, याचें भविष्य ते त्या एका निकालांत पाहूं लागतात. या दोन दृष्टींपैकीं अधिक खरी कोणती, याचा आज विचार करूं.

लोकसभेचा किंवा विधानसभेचा सभासद मृत्यु पावला, त्यानें राजीनामा दिला अथवा तो अपात्र ठरला, म्हणजे त्याच्या मतदारसंघापुरती जी निवडणूक घ्यावी लागते ती पोटनिवडणूक. १९५१ सालच्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत १९९६ सालीं १५१-अ हें कलम घालण्यांत आलें, आणि जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत ती भरली पाहिजे असें ठरलें. याला अपवाद दोन : त्या सभासदाची उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर, किंवा त्या अवधींत निवडणूक घेणें अवघड आहे असें निवडणूक आयोगानें केंद्र सरकारशीं विचारविनिमय करून प्रमाणित केलें तर. अमेरिकेंत सेनेटची जागा रिकामी झाल्यास पुष्कळ राज्यांत गव्हर्नर तात्पुरता सभासद नेमूं शकतो. आपल्याकडे लोकांनीं निवडावयाच्या जागेवर अशी नेमणूक चालत नाहीं. म्हणून निवडणूक लांबली कीं जागा तशीच ओस पडते.

आतां प्रथम आमच्याच तालुक्याची गोष्ट सांगतों. १९७२ सालच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर करमाळ्याची विधानसभेची जागा रिकामी झाली आणि १९७४ सालीं तेथें पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ तेव्हां अनुसूचित जातींकरितां राखीव होता. मी शाळकरी पोर होतों. मत कोणास द्यावें याच्याशीं माझा संबंध नव्हता, पण प्रचाराची जीप धूळ उडवीत निघाली कीं तिच्यामागें धांवणाऱ्यांत मीहि असें. त्या निवडणुकींत काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे निवडून आले. सोलापूरच्या न्यायालयांत लहानशी नोकरी करीत शिकलेले, पुढें पोलिसखात्यांत फौजदार झालेले हे गृहस्थ विधानसभेंत प्रथम गेले ते करमाळ्याच्या मतांवर. २००३ सालीं ते राज्याचे मुख्यमंत्री आणि २०१२ सालीं देशाचे गृहमंत्री झाले. पोटनिवडणूक नव्या माणसास दार उघडून देते, तें असें.

त्या एका जागेनें मुंबईचें सरकार तसूभरहि हाललें नव्हतें. परंतु त्याच सुमारास भीमेवर उजनी धरणाचें काम चालू होतें, आणि आमच्या तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें पाण्याखालीं जावयाचीं होतीं. अशा वेळीं तालुक्याचा प्रतिनिधि सभागृहांत असणें वा नसणें, ही गोष्ट पक्षांच्या बेरीज-वजाबाकीपेक्षां मोठी होती.

दुसरें उदाहरण २००३ सालचें. शिंदे मुख्यमंत्री झाले तेव्हां ते सोलापूरचे खासदार होते. विधिमंडळाचा सभासद नसलेल्या मंत्र्यानें सहा महिन्यांत सभासद झालें पाहिजे, असा घटनेचा नियम आहे. त्याप्रमाणें ते दक्षिण सोलापूरच्या पोटनिवडणुकींत उभे राहून विधानसभेवर आले, आणि त्यांनीं सोडलेल्या लोकसभेच्या जागेकरितां वेगळी पोटनिवडणूक झाली. तींत, खुद्द मुख्यमंत्र्यांच्या जिल्ह्यांत, भारतीय जनता पक्षाचे प्रतापसिंह मोहिते-पाटील विजयी झाले. भविष्य सांगणाऱ्यांना याहून चांगला योग कोणता मिळावयाचा? २००४ च्या सार्वत्रिक निवडणुकींत सोलापूरची जागा पुनः त्याच पक्षास मिळाली, म्हणजे सोलापुरापुरतें भविष्य खरें ठरलें. परंतु त्याच निवडणुकींत दिल्लीचें वाजपेयी सरकार गेलें, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत काँग्रेस व राष्ट्रवादी यांची सत्ता कायम राहिली. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें. पण एका चुलीवरच्या शितावरून साऱ्या गांवचा स्वयंपाक कळत नाहीं.

अलीकडचे दाखलेहि हेंच सांगतात. २०२१ सालीं महाविकास आघाडी सत्तेवर असतांना पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पोटनिवडणुकींत भाजपचे समाधान आवताडे ३,७३३ मतांनीं निवडून आले. पुढच्या वर्षीं तें सरकार पडलें. पण पडलें तें शिवसेनेंतील फुटीमुळें, पंढरपूरच्या निकालामुळें नव्हे. २०२३ सालीं पुण्यांत, १९९५ पासून भाजपच्या हातीं असलेली कसबा पेठेची जागा काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनीं जिंकली आणि राज्यभर तिचा गाजावाजा झाला. दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, नोव्हेंबर २०२४ मध्यें, ती जागा भाजपनें परत घेतली.

असें कां व्हावें? सार्वत्रिक निवडणुकींत मतदारापुढें सबंध राज्याचा किंवा देशाचा कारभार कोणाच्या हातीं द्यावा हा प्रश्न असतो. पोटनिवडणुकींत बहुधा सरकार बदलावयाचें नसतें. त्यामुळें मतदार राग दाखवावयास किंवा दिवंगत सभासदाच्या घराविषयीं सहानुभूति दाखवावयास मोकळा असतो. शिवाय सर्व पक्षांचे पुढारी त्या एका मतदारसंघांत मुक्काम ठोकतात. असें बळ सार्वत्रिक निवडणुकींत एका जागीं लावतां येत नाहीं. प्रश्नच निराळा असल्यावर उत्तरें सारखीं कशीं येणार?

आतां रिकाम्या वर्गाकडे वळतों. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ रोजीं निवर्तले. लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून अधिक काळ उरलेला होता. तरी निवडणूक झाली नाहीं. आयोग इतर निवडणुकांच्या कामांत गुंतलेला आहे आणि नव्या सभासदास थोडाच काळ मिळेल, अशीं कारणें देण्यांत आलीं. डिसेंबर २०२३ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तीं अमान्य करून निवडणूक घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. अखेर पुण्यास खासदार मिळाला तो सार्वत्रिक निवडणुकींतच. चौदा महिने एवढ्या मोठ्या नगरास लोकसभेंत आवाज नव्हता. कसब्याच्या निकालावर जितकी चर्चा झाली, तितकी या मौनावर झाली नाहीं, ही मला खेदाची गोष्ट वाटते.

पोटनिवडणुकीला व्यापक अर्थ नसतोच, असें माझें म्हणणें नाहीं. तो असतो, पण दुय्यम. पहिला अर्थ हा कीं, प्रतिनिधि ही पक्षाची मालमत्ता नसून मतदारांचें येणें आहे, आणि तें मुदतींत चुकतें झालें पाहिजे. तेव्हां यापुढें पोटनिवडणुकीचा निकाल ऐकाल त्या दिवशीं कोण जिंकलें हें अवश्य विचारा. पण त्याआधीं ती जागा किती दिवस रिकामी होती हें विचारा. गुरुजी कोणत्या गांवचे, याची चौकशी मागाहून करतां येते. आधीं वर्गावर कोणी तरी आलें पाहिजे.