पत्रकार, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि संशोधनाचा प्रश्न



'पत्रकारांचा समाजमाध्यमांचा वापर' असा विषय घेऊन बरेच जण गाइडकडे जातात आणि 'हा विषय झाला, समस्या कुठंय?' हे ऐकून परत येतात. मीही असाच परत आलो होतो. म्हणून आज विषयातून संशोधन समस्या कशी काढायची, ते पाहू.

१. घटनेपासून सुरुवात करा

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. त्या संशयातून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

इथे घाई करू नका. पत्रकारांनी अफवा पसरवली, असा निष्कर्ष या घटनेतून निघत नाही. प्रश्न मात्र निघतो: असा संदेश गावच्या ग्रुपवर येतो, तेव्हा त्याच ग्रुपमधला पत्रकार काय करतो? पुढे पाठवतो, खोडून काढतो, पोलीस ठाण्यात फोन लावतो, की गप्प बसतो? ही झाली तुमची समस्या.

२. संकल्पना वेगळ्या करा

व्यावसायिक वापर म्हणजे बातमीचा सुगावा, संपर्क, फोटो मिळवणं, बातमीची लिंक पोचवणं. नैतिक वापर म्हणजे पडताळणी, परवानगी, श्रेय, चूक दुरुस्त करणं, पीडितांची ओळख झाकणं. भारतीय प्रेस परिषदेचे पत्रकारितेचे निकष आणि २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम वाचून त्यातून निर्देशक काढा. पण लक्षात घ्या, पत्रकार स्वतःच्या मोबाइलवरून ग्रुपवर जे टाकतो, ते संपादकाच्या नजरेखालून जातच नाही. संशोधनाची खरी जागा तिथे आहे.

३. साधन तपासा

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत प्रश्न होता, 'आपण माहितीची पडताळणी करता का?' सगळ्यांनी 'होय' लिहिलं! चूक उत्तर देणाऱ्यांची नव्हती, प्रश्नाची होती. चांगलं दिसणारं उत्तर देण्याकडे माणसाचा कल असतोच. त्याऐवजी प्रसंग द्या: 'रात्री दहा वाजता अपघाताचा फोटो आला, चेहरे दिसतायत. पहिल्या दहा मिनिटांत काय कराल?' जोडीला प्रत्यक्ष पोस्टचं आशय विश्लेषण करा. बोलणं आणि वागणं यांतलं अंतर तिथेच दिसतं.

४. क्षेत्र समजून घ्या

समजा, तुम्ही नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातलं खापर घेतलंत. गाव गुजरात सीमेजवळ, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावर. भागात मराठीसोबत भिली बोली, अहिराणी, गुजराती. संदेश एका भाषेतून दुसरीत जाताना 'म्हणे' गळून पडतं आणि ऐकीव गोष्ट पक्की बातमी होते. त्यामुळे फक्त मराठी पोस्ट घेतल्या तर नमुना अपुरा राहील. शहरात बनवलेली प्रश्नावली इथे जशीच्या तशी चालवू नका, आधी पथदर्शी चाचणी घ्या.

५. आता आपली नैतिकता

पत्रकारांना नीतीचे प्रश्न विचारणारे आपण स्वतः काय करतो? ग्रुपमध्ये गुपचूप शिरून स्क्रीनशॉट घेणं म्हणजे माहिती संकलन नव्हे. ॲडमिनला आणि सदस्यांना सांगा, संमती घ्या. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असंही नाही. गावात बातमीदार मोजकेच असतात. 'खापरमधील एका दैनिकाचा प्रतिनिधी' एवढं लिहिलं तरी गावाला कळतं कोण ते! अशा वेळी गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा लिहा. त्या माणसाला उद्या त्याच गावात बातमी करायची आहे.

आता वही काढा. वरच्या समस्येवरून दोन उद्दिष्टं आणि एक गृहीतक लिहा. गृहीतक असं हवं, की ते चुकीचं ठरण्याचीही शक्यता उरेल. तेवढं जमलं, की निर्धास्तपणे गाइडकडे जा.