नवीन आहात आणि स्वस्तात फ्लॅश घ्यायचाय? आधी कॅमेऱ्याच्या डोक्यावरची पिन बघा!

लग्नसराई जवळ आली की जालना, अंबड, भोकरदन, परतूर सगळीकडून एकच प्रश्न येतो: "कॅमेरा घेतलाय, आता स्वस्तातला फ्लॅश कोणता घेऊ?" सुरुवात घरच्या हळदीपासून होते, मग मित्राचा साखरपुडा, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी चार पैसे देऊन बोलावतं. तिथे फोटो काळे आले तर दुसऱ्यांदा कुणी बोलावत नाही. आणि हळद काही परत लागत नाही!

आधी फक्त मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांसाठी. कॅमेऱ्याचा फ्लॅश तुमच्या फोनला जोडता येत नाही. फोनला तो बसवायची जागा नसते आणि "आता पेट" असं त्याला नेमक्या क्षणी सांगायची सोयही नसते. फोनच्या मागचा 'फ्लॅश' म्हणजे खरं तर छोटा एलईडी दिवा. २०१२ चा नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू आणि २०१३ चा ल्युमिया १०२० यांच्यात खरा झेनॉन फ्लॅश होता, पण असे फोन नंतर दिसेनासे झाले. तेव्हा फोनवरच काम असेल तर चार्जिंगवाला एलईडी लाईट घ्या, फ्लॅशच्या नादी लागू नका.

आता कॅमेऱ्याकडे वळू.

स्वस्त फ्लॅश कुठे फसवतो?

कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायची जी खाच असते तिला हॉट शू म्हणतात. तिच्या मधोमध एक मोठा गोल ठिपका असतो. साधा मॅन्युअल फ्लॅश याच ठिपक्यावरून इशारा घेतो आणि पेटतो. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांमध्ये हा मधला ठिपकाच नाही, फक्त मागच्या बाजूला बारीक पिनांची रांग आहे. आपल्याकडे पहिला कॅमेरा म्हणून बरेच जण नेमके हेच मॉडेल घेतात! त्यावर गोडॉक्स टीटी६०० किंवा योंगनुओ वायएन५६० सारखा मॅन्युअल फ्लॅश चढवला तर तो पेटतच नाही. फ्लॅश चांगला, कॅमेराही चांगला, पण दोघांचं बोलणंच होत नाही. ऑनलाईन मागवलेला फ्लॅश 'खराब निघाला' म्हणून परत पाठवण्याआधी खाचेत एकदा बोट फिरवून बघा.

मग अशा कॅमेरावाल्यांनी काय करायचं? दोन रस्ते आहेत. पहिला, कॅननसाठीचा टीटीएल फ्लॅश घ्यायचा, उदाहरणार्थ गोडॉक्स टीटी६८५ टू चं 'सी' अक्षर असलेलं मॉडेल. तो बारीक पिनांवरून बोलतो. दुसरा रस्ता, टीटी६०० च घ्यायचा, पण तो कॅमेऱ्यावर न लावता स्टँडवर लावायचा आणि कॅमेऱ्यावर एक्स२टी-सी सारखा ट्रिगर बसवायचा. टीटी६०० मध्ये वायरलेस रिसीव्हर आतच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. दोन्हीकडे फर्मवेअर ताजं आहे का ते दुकानदाराला विचारा. निकॉन डी३५०० वाल्यांना ही कटकट नाही, मधला ठिपका जागेवर आहे. सोनीसाठी टीटी६००एस असं वेगळं मॉडेल येतं.

टीटीएल की मॅन्युअल?

टीटीएलमध्ये कॅमेरा आधी बारीक चमक टाकून प्रकाश मोजतो आणि किती जोर लावायचा ते स्वतः ठरवतो. मॅन्युअलमध्ये ते तुम्ही ठरवता. माझं मत विचाराल तर शिकायला मॅन्युअलच बरा, खिशालाही परवडतो. पण वरातीत माणूस एकदा दोन हातांवर, एकदा दहा हातांवर नाचत असतो, तिथे टीटीएल जीव वाचवतो. पैसे घेऊन लग्नं करायची असतील तर टीटीएलसाठी दोन महिने थांबलात तरी चालेल.

खोक्यावरचा आकडा

'जीएन ६०' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. जीएन म्हणजे गाईड नंबर. त्याला लेन्सच्या एफ नंबरने भागलं की फ्लॅश किती मीटर पोहोचेल ते कळतं. जीएन ३३ आणि एफ/५.६ असेल तर आयएसओ १०० ला साधारण ६ मीटर. आयएसओ ४०० केला की अंतर दुप्पट, म्हणजे १२ मीटरच्या आसपास. पण टीटी६०० चा ६० हा आकडा फ्लॅशचं डोकं २०० एमएमवर झूम केल्यावरचा आहे. तुम्ही १८-५५ लेन्सने अख्खं कुटुंब घेताय, तेव्हा तेवढा जोर मिळत नाही. नुसता आकडा मोठा म्हणून जास्त पैसे मोजू नका.

उरलेले पैसे सेलवर घाला. किराणा दुकानातले साधे पेन्सिल सेल फ्लॅशमध्ये लवकर दम तोडतात आणि दोन चमकांमधला वेळ वाढत जातो. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राईडचे आठ सेल आणि एक बरा चार्जर घ्या. चार फ्लॅशमध्ये, चार खिशात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, अशा वेळी फुल पॉवरवर धडाधड चमका मारल्या तर फ्लॅश तापून बंद पडतो. पॉवर पाव किंवा अष्टमांश ठेवा, आयएसओ थोडा वाढवा.

सोबत काय घ्यायचं?

फ्लॅश छताकडे वळवून मारायचा हा सल्ला तुम्ही प्रत्येक व्हिडिओत ऐकला असेल. तो पांढरं छत असलेल्या खोलीसाठी आहे. आपल्याकडे घरावर पत्रे, अंगणात लाल-पिवळा मंडप! मंडपाच्या कापडावर चमक मारली की नवरीचा चेहराही त्याच रंगाचा होतो. त्यापेक्षा स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी थर्माकोल शीट एखाद्या भाच्याच्या हातात द्या आणि फ्लॅश तिच्यावर मारा. जरा पैसे असतील तर स्टँड आणि आरपार प्रकाश जाणारी पांढरी छत्री घ्या. स्टँडच्या पायाला विटांची पिशवी बांधा, वारा आला की छत्री सगळ्यात आधी आडवी होते. प्लास्टिकची डिफ्युझर टोपी मोकळ्या मैदानात फारशी कामाची नाही, फक्त प्रकाश खाते.

जुन्या स्टुडिओतला फ्लॅश कुणी फुकट देत असेल तरी तो डिजिटल कॅमेऱ्यावर थेट चढवू नका. व्हिवितार २८३ च्या जुन्या नगांमध्ये ट्रिगरचा दाब २०० व्होल्टच्या वर जातो, आणि तो कॅमेऱ्याला झेपेलच असं नाही.

फ्लॅश हातात आला की लग्नाची वाट न बघता घरीच संध्याकाळी कुणाला तरी समोर बसवा. आयएसओ ४००, एफ/५.६, शटर १/१२५, फ्लॅश १/८ वर. मग शटर १/६० करून बघा: चेहरा जवळपास तसाच राहील, मागचे दिवे उजळतील. आता १/२०० च्या पुढे न्या. साध्या मोडमध्ये फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येईल. तो फ्लॅशचा दोष नाही, १५००डीची सिंक मर्यादाच १/२०० आहे.