असाध्य रुग्णाची शुश्रूषा आणि विम्याची निवड

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की लहान खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र वृद्ध व परावलंबी रुग्णांचा दीर्घकाळ सांभाळ करणाऱ्या शुश्रूषागृहास हे नाव आहे. तेथील असाध्य रुग्णाच्या कुटुंबाला कधी ना कधी ठरवावे लागते की, विम्यातून कुशल शुश्रूषा घ्यावयाची की हॉस्पिस सेवा? मुलांकडे कायमच्या वास्तव्यास गेलेल्या मराठी आईवडिलांवरही ही वेळ येऊ शकते. म्हणून या दोन लाभांचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील मेडिकेअर ही मुख्यतः 65 वर्षांवरील नागरिकांसाठी असलेली आरोग्य विमा योजना 1965 च्या कायद्याने अस्तित्वात आली. रुग्णालयात सलग किमान तीन दिवस आंतररुग्ण म्हणून राहिलेल्या व त्यानंतर दररोज प्रशिक्षित परिचारिकेची सेवा किंवा व्यायामोपचार आवश्यक असलेल्या रुग्णास या योजनेत शुश्रूषागृहाचा लाभ मिळतो. केवळ निरीक्षणाखाली ठेवलेले दिवस यात धरले जात नाहीत. एका लाभकालावधीत जास्तीत जास्त 100 दिवसांचा खर्च मिळतो. पहिल्या 20 दिवसांचा पूर्ण खर्च योजना देते. पुढील 80 दिवस रुग्णाला रोजचा हिस्सा भरावा लागतो. 2025 साली तो 209 डॉलर 50 सेंट होता. खोलीभाडे व भोजन यांचा खर्चही या लाभात समाविष्ट असतो.

हॉस्पिसचा लाभ 1982 च्या कायद्याने मिळाला. मुंबईत 1986 साली स्थापन झालेल्या शांती अवेदना सदनामुळे ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. रोग बरा होणे शक्य नसेल, तेव्हा वेदना शमविणे व रुग्णासह कुटुंबालाही आधार देणे हा तिचा गाभा आहे. आजार नेहमीच्या गतीने वाढल्यास आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरले आहे, असे दोन डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागते. प्रथम 90 दिवसांच्या दोन मुदती मिळतात. त्यानंतर पात्रता कायम असेपर्यंत 60 दिवसांच्या कितीही मुदती घेता येतात. मात्र रुग्णाला त्या आजाराच्या रोगनिवारक उपचारांवरील विमालाभ सोडावा लागतो.

खरी अडचण खोलीभाड्याची आहे. शुश्रूषागृहात राहून हॉस्पिस सेवा घेतल्यास औषधे, परिचारिका व साधने यांचा बहुतेक भार मेडिकेअर उचलते. निवास व भोजनाचा खर्च मात्र सर्वसाधारणपणे देत नाही. उत्पन्न व मालमत्ता अल्प असल्यास मेडिकेड या दुसऱ्या शासकीय योजनेतून तो मिळू शकतो; एरव्ही तो कुटुंबावर पडतो. परिणामी वेदनाशमनाची गरज असलेल्या रुग्णासाठीही पुष्कळ कुटुंबे कुशल शुश्रूषेचा मार्ग पत्करतात. थकलेल्या देहाला व्यायामोपचार सोसावे लागतात आणि हॉस्पिसचा आधार अगदी शेवटच्या काही दिवसांपुरता उरतो.

एकाच आजारासाठी दोन्ही लाभ एकाच वेळी मिळत नाहीत. कारणे परस्परांशी संबंधित नसतील, तर मात्र ते मिळू शकतात. उदाहरणार्थ, कर्करोगासाठी हॉस्पिस घेणारी वृद्धा घसरून पडली व त्या रोगाशी संबंध नसलेले हाड मोडले, तर त्या अस्थिभंगासाठी कुशल शुश्रूषा मिळू शकते. तसेच हॉस्पिसची निवड अंतिम नसते. रुग्णाने लेखी कळविल्यास ती केव्हाही मागे घेता येते व मेडिकेअरचे नेहमीचे लाभ पुन्हा सुरू होतात.

म्हणून कागदपत्रांवर सही करण्यापूर्वी कुटुंबाने चार प्रश्न विचारावेत. उपचारांनी प्रकृती सुधारेल किंवा आहे ती टिकेल काय? 100 दिवसांपैकी किती दिवस उरले आहेत? खोलीभाडे कोण देणार? आणि स्वतः रुग्णाची इच्छा काय आहे? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे डॉक्टर व कार्यालय यांच्याकडून मिळतील. चौथ्याचे उत्तर रुग्ण शुद्धीवर असतानाच घेतले पाहिजे. त्यास विलंब झाला, तर माणसाचे अखेरचे दिवस कसे जावेत, हे खोलीभाड्याच्या हिशेबावरच ठरते.